डावीकडे ओढणारी जिप्सी आणि उद्यमनगरातले मिस्त्रीमामा

सव्वादोन महिने माझी जिप्सी डावीकडे ओढत होती. तेवढ्या काळात तीन वेळा अलाइनमेंट झालं, पुढचे दोन टायर नवे आले, स्टिअरिंगचा बॉक्स आवळून झाला, आणि गाडी सुधारायची सोडून जास्तच बिघडली. शेवटी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, एका बोळाच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये काम करणाऱ्या मिस्त्रींनी दीड दिवसात दुखणं शोधलं आणि बरंही केलं. हे त्यांच्या कामाबद्दल आहे. त्यांचं नाव आणि नंबर देत नाही. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "डॉक्टरबाई, कामाचं लिवा, नाव नको. एकटा माणूस हाय मी, एका वक्ताला एकच गाडी घेतो." त्यांचा शब्द मोडणार नाही. पण ते गाडी कशी तपासतात ते सविस्तर लिहिते, कारण जीप, जिप्सी बाळगणाऱ्या कुणालाही ते आपल्या गावातल्या दुकानात उपयोगी पडेल.

मी जनावरांची डॉक्टर. धामणी खोऱ्यातल्या वाड्या, राधानगरीच्या वरच्या अंगाची गावं, गगनबावड्याच्या आसपासचे गोठे, हा माझा रोजचा रस्ता. अडलेली गाय वेळ बघून अडत नाही, त्यामुळे पावसाळ्यात रात्री दोन वाजताही जांभ्याच्या चिखलातून वर जावं लागतं. गाडी २००९ ची जिप्सी किंग, कापडी टपाची, पॉवर स्टिअरिंग नसलेली. पुढं-मागं सलग ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच कणा) आणि चारी बाजूंना कमानपाटे, म्हणजे लोखंडी पानांच्या स्प्रिंगा. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, सगळी गोष्ट त्याच्यावरच फिरते.

एप्रिलमध्ये एका ओढ्यात दगडावर पुढचं डावं चाक आपटलं आणि पाट्याचं एक पान तुटलं. वाटेवरच्याच एका ठिकाणी ते बदलून घेतलं. काम दोन तासांत झालं, मीही घाईत होते. जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर, गाडी डावीकडे जायला लागली.

आधी थोडंच होतं. हात सैल सोडला की गाडी रस्त्याची कड धरायची. आपल्याकडे आपण डाव्या बाजूनं चालवतो आणि पाणी निचरायला रस्ता कडेकडे उतरता असतो, त्यामुळे कुठलीही गाडी थोडी डावीकडे जातेच, असं मी स्वतःची समजूत घालत राहिले. मग ब्रेक दाबला की झटका बसायला लागला. एकदा गगनबावड्याच्या रस्त्यावर धुक्यात समोर म्हशी आल्या, मी जोरात ब्रेक दाबला आणि गाडी सरळ गटाराच्या दिशेनं गेली. त्या दिवशी घाबरले.

शहरातल्या एका मोठ्या, चकचकीत दुकानात गेले. चारी चाकांना चकत्या लावून समोरच्या पडद्यावर गाडीचं चित्र दाखवणारं यंत्र. तिथल्या मुलांनी वागणूक चांगली दिली, चहा दिला. पडद्यावर पुढच्या चाकांचा टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते माप) लाल होता, त्यांनी दोन चाकांना जोडणारा टाय रॉड फिरवून तो हिरवा केला. पाचशे रुपये दिले, बाहेर पडले, गाडी डावीकडेच.

आठवड्यानं पुन्हा गेले. तक्रार सांगितली की स्टिअरिंग दोन बोटं उजवीकडे वळवून धरलं तरच गाडी सरळ जाते. त्यांनी ड्रॅग लिंकची, म्हणजे स्टिअरिंग बॉक्सपासून चाकांकडे जाणाऱ्या दांड्याची, लांबी बदलली आणि स्टिअरिंग सरळ करून दिलं. दिसायला छान. पण आता सरळ रस्त्यावर स्टिअरिंग ढिलं लागायला लागलं, दोन्हीकडे पोकळ. तिसऱ्या खेपेला त्यांनी ते पोकळपण घालवण्यासाठी स्टिअरिंग बॉक्सवरचा स्क्रू आवळला आणि सांगितलं, "मॅडम, टायरचाच दोष आहे." पुढचे दोन टायर घेतले, अकरा हजार गेले. जुन्या टायरांची नक्षी अजून चांगली सहा मिलिमीटर शिल्लक होती. शिवाय थरथर शोषणारा नवा स्टिअरिंग डँपर बसवा असा आग्रह झाला, तो मात्र मी घेतला नाही.

त्यानंतर गाडी चालवणं म्हणजे शिक्षा झाली. वळणावरून बाहेर आल्यावर स्टिअरिंग आपोआप मागं येईना. जिथं सोडावं तिथं ते राहायचं. सरळ चालताना सारखा हात फिरवत राहायचा. घाटात दोन तास चालवलं की खांदे दुखून यायचे. एका गावात डेअरीच्या सचिवांनी माझी दशा बघितली आणि या मिस्त्रींचा पत्ता दिला. त्यांच्या दुधाच्या जुन्या जीपचं काम वर्षानुवर्षं तिथंच होतं.

शेडमध्ये गेले तेव्हा दारात कमानपाट्यांची चळत, भिंतीला एक ओळंबा टांगलेला, आणि आत सिमेंटचा एक ओटा, गाडी मावेल एवढा. हा ओटा त्यांनी स्वतः पाण्याच्या नळीनं पातळी बघून ओतून घेतलाय. यंत्र म्हणावं असं काही नाही. मी तिन्ही खेपांचे छापील कागद पुढं केले. त्यांनी ते वाचले नाहीत, घडी करून खिशात ठेवले. "मागनं बगू. आदी चालवून बगू द्या."

मग प्रश्न सुरू झाले. कवापास्नं वडतीया? रोज सारखीच वडतीया का कमी-जास्ती? ब्रेक मारल्यावर का नुसत्या चालीत? रिकामी का वजन घातल्यावर? रिवर्स घेऊन निघालं की काय फरक पडतोय का? तीन दुकानभेटींत मला यातला एकही प्रश्न कुणी विचारला नव्हता. गाय लंगडली की मालक लगेच खूर उचलून दाखवतो. मी आधी तिला कठीण जमिनीवर माझ्याकडे आणि माझ्यापासून लांब अशी चालवून बघते, मगच पायाला हात लावते. समोरचा माणूस माझ्या गाडीशी तसंच वागत होता, त्यामुळे माझा विश्वास तिथंच बसला.

रिवर्सच्या प्रश्नावर मी थबकले. खरंच, काही दिवस सकाळी गोठ्यातून मागं घेऊन बाहेर पडलं की पहिले दोन-तीन किलोमीटर गाडी बरी चालायची. मी ते मनावर घेतलं नव्हतं. मिस्त्रींनी नुसती मान हलवली.

निघण्याआधी त्यांनी स्वतःच्या मापकानं चारी टायरांची हवा बघितली. हवा कमी असलेल्या बाजूला गाडी ओढते, आणि निम्म्या तक्रारी तिथंच संपतात असं ते म्हणाले. मग टायरच्या पाठीवरून आडवा हात फिरवला, आतून बाहेर आणि बाहेरून आत. एका दिशेनं मऊ आणि दुसऱ्या दिशेनं करवतीसारखं लागलं तर टो बिघडलाय. माझे टायर नवे होते, त्यांच्यावरून काही कळलं नाही, म्हणून मिस्त्रींनी गाडीत मागं ठेवलेले जुने उतरवायला लावले. त्यांच्यावरही तशी धार नव्हती. म्हणजे टो एवढा वाईट कधी नव्हताच.

गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या रुंद रस्त्यावर ते गाडी घेऊन गेले, मी शेजारी. आधी रस्त्याच्या डाव्या उतारावर, मग रस्ता मोकळा बघून उजव्या उतारावर. दोन्हीकडे ओढ डावीकडेच, फक्त कमी-जास्त. म्हणजे रस्त्याचा दोष गेला. गाडी थांबवून प्रत्येक चाकाच्या मध्याशी पालथा हात धरला. ब्रेकचा पिस्टन किंवा कॅलिपरची पिन चिखलानं अडकली असेल तर ते चाक बाकीच्यांपेक्षा तापतं. आमच्यासारख्या सतत पाण्यातून जाणाऱ्या गाड्यांना हे फार होतं. चारी सारखी कोमट. ब्रेकचा दोष गेला. तिथंच जॅक लावून पुढची दोन चाकं अदलाबदल केली. टायर एका अंगाला निमुळता बनलेला असेल तर ओढ दुसऱ्या बाजूला जायला हवी. ओढ डावीकडेच राहिली. टायरचा दोष गेला. वीस मिनिटांचं काम, स्पॅनर आणि जॅक एवढंच सामान. अकरा हजार वाचले असते. माझ्या पहिल्या दुकानाबद्दलची खरी तक्रार हीच आहे: टायर विकण्याआधी त्यांनी एवढी अदलाबदल करून बघायला हवी होती.

डँपरचाही एक मुद्दा त्यांनी सांगितला. बाजारातल्या काही डँपरमध्ये वायूचा दाब असतो, त्यांचा दांडा आपोआप बाहेर ढकलला जातो, आणि त्यानंही गाडी एका बाजूला जाऊ शकते. म्हणून त्यांनी माझा डँपर एका बाजूनं सोडून एक फेरी मारली. फरक नाही. डँपरचं काम थरथर शोषायचं आहे, ओढ त्यानं जात नाही आणि थरथरीचं मूळही त्यानं मरत नाही, फक्त झाकलं जातं.

मग तो प्रयोग झाला. त्यांनी गाडी रिवर्समध्ये घेतली, थोडा वेग दिला आणि कचकन ब्रेक मारला. दोनदा. मग पुढं निघाले आणि हात सोडले. गाडी जवळजवळ सरळ गेली. तिथंच पुढं जाताना जोरात ब्रेक मारला, परत हात सोडले, गाडी डावीकडे. मला म्हणाले, "बगितलं का? ॲक्सल हालतोय."

शेडमध्ये आल्यावर गाडी ओट्यावर घेतली. चाकं सरळ ठेवून दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत पट्टीनं मोजलं. पट्टीचं दुसरं टोक माझ्या हातात. जिप्सीचं हे अंतर, म्हणजे व्हीलबेस, २३७५ मिलिमीटर. उजवीकडे २३७६ आलं. डावीकडे २३६०. सोळा मिलिमीटर कमी. म्हणजे पुढच्या ॲक्सलचं डावं टोक मागं सरकलं होतं आणि सगळा ॲक्सलच डावीकडे तोंड करून बसला होता. ओट्यावरच गाडी ढकलून, रिवर्सच्या ब्रेकवर थांबवून पुन्हा मोजलं: २३७१. अकरा मिलिमीटर पुढं आलं. ज्या वस्तूनं तसूभर हलता कामा नये ती एवढी हलत होती.

आता खिशातले कागद निघाले. टो हिरवा, कॅंबर (चाकाचा वरून आत-बाहेर कल) हिरवा, आणि खाली, अगदी शेवटच्या ओळीत, काळ्या अक्षरात सेटबॅक, म्हणजे एक चाक दुसऱ्याच्या मागं असल्याचा कोन, ०°४२′. त्याला रंग नव्हता, कारण यंत्रात त्या आकड्याला मर्यादाच भरलेली नव्हती. रात्री घरी मी कॅलक्युलेटर घेऊन बसले. जिप्सीची पुढची दोन चाकं एकमेकांपासून १३०० मिलिमीटर. त्यात सोळा मिलिमीटरचा तिरकेपणा म्हणजे बरोबर ०°४२′. दुखणं पहिल्या दिवसापासून कागदावर छापलेलं होतं, तिन्ही कागदांवर थोड्याफार फरकानं. यंत्रानं काम चोख केलं होतं. वाचणाऱ्यानं हिरवा रंग बघितला आणि कागद घडी केला, आणि मीही तेच केलं.

कारण पाट्यात होतं. कमानपाट्याची पानं एका सेंटर बोल्टनं एकत्र धरलेली असतात, आणि त्या बोल्टचं डोकं ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसतं. ॲक्सल पुढं-मागं कुठं बसायचा हे ते डोकं ठरवतं. पण जोर सोसायचं काम पाट्याला ॲक्सलशी आवळून धरणाऱ्या यू बोल्टांचं. यू बोल्ट ढिले असले की सगळा भार त्या बारक्या सेंटर बोल्टवर येतो आणि तो कापला जातो. बाहेरून काही दिसत नाही, कारण डोकं आत दडलेलं. मिस्त्रींनी बॅटरी लावून मला दाखवलं: बैठकीच्या कडेला पाट्यावर घासून चकाकणारी रेघ, आणि तिच्याभोवती तांबूस पूड. ती पूड दिसली की समजायचं, इथं लोखंड लोखंडावर सरकतंय. यू बोल्ट सोडल्यावर सेंटर बोल्टचे दोन तुकडे हातात आले. एप्रिलमध्ये पान बदलणाऱ्यानं जुनेच यू बोल्ट परत लावले होते. एकदा पुरते आवळून ताणले गेलेले यू बोल्ट पुन्हा वापरू नयेत, आणि नवे लावले तरी काही दिवसांनी पुन्हा आवळून घ्यावेत. दोन्ही झालं नव्हतं.

इथपर्यंत कुणीही हुशार मिस्त्री पोचला असता असं मी समजते. मला त्यांच्याबद्दल आदर वाटला तो पुढच्या कामामुळे. नवा बोल्ट घालून, पैसे घेऊन त्यांना मला वाटेला लावता आलं असतं. त्याऐवजी त्यांनी मधल्या दुरुस्त्या उलट्या क्रमानं उलगडल्या. ॲक्सल तिरका असल्यामुळे स्टिअरिंग वाकडं दिसत होतं. दुकानानं ड्रॅग लिंक बदलून ते सरळ केलं, पण त्यामुळे स्टिअरिंगचा बॉक्स आतून आपल्या मध्यावरून सरकला. या जातीच्या बॉक्समध्ये दात मध्यावर सर्वांत घट्ट बसतात आणि बाजूला गेलं की पोकळी वाढते. म्हणून सरळ रस्त्यावर पोकळ लागायला लागलं. मग ती पोकळी घालवायला त्याच बाजूच्या जागी स्क्रू आवळला गेला. आता बॉक्स खऱ्या मध्यावर आला की आवळून धरायचा, म्हणून स्टिअरिंग मागं येत नव्हतं. एका चुकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी. नुसता ॲक्सल जागेवर आणला असता तर स्टिअरिंग दोन बोटं डावीकडे वाकडं झालं असतं, बॉक्स तसाच आवळलेला राहिला असता, आणि मी पुन्हा कुणाच्या तरी दारात गेले असते. गाय लंगडी असेल तर ती भार दुसऱ्या पायावर टाकते आणि काही दिवसांत तो पायही धरतो. पहिला बरा केला म्हणून दुसरा आपोआप बरा होत नाही.

त्यांनी दोन्ही बाजूंचे सेंटर बोल्ट आणि पुढच्या ॲक्सलचे चारही यू बोल्ट नवे घातले. उजवा सेंटर बोल्ट शाबूत होता, तरी बदलला. गाडी चाकांवर उभी करून, वजन पाट्यांवर आल्यावरच, तिरपे-तिरपे थोडे थोडे करत टॉर्क पान्यानं आवळले. ड्रॅग लिंक सोडून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, फेरे मोजले, निम्म्यावर आणून थांबवलं, तिथं खडूची खूण केली. बॉक्सचा स्क्रू ढिला करून मध्यावरच पुन्हा बसवला. मग लिंकची लांबी अशी जुळवली की चाकं सरळ, बॉक्स मध्यावर आणि स्टिअरिंग सरळ, तिन्ही एकाच वेळी.

त्याआधी सांध्यांची तपासणी झाली, आणि ही रीत घरच्या घरी करण्यासारखी आहे. चाक उचलून वर-खाली धरून हलवायचं. खडखडलं तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगायचं. ब्रेक दाबल्यावर खडखड थांबली तर चाकाचं बेअरिंग ढिलं, नाही थांबली तर किंग पिनच्या (चाक ज्याच्याभोवती वळतं त्या खिळ्याच्या) बेअरिंगमध्ये पोकळी. आडवं धरून हलवलं तर टाय रॉडची टोकं कळतात. आणि सर्वांत चांगलं म्हणजे चाकं जमिनीवर ठेवूनच एकानं स्टिअरिंग पटापटा थोडं डावं-उजवं हलवायचं आणि दुसऱ्यानं खाली झोपून प्रत्येक सांध्यावर बोट ठेवत जायचं. डोळ्यांना न दिसणारी पोकळी बोटाला लागते. माझ्या गाडीत मी खाली झोपले होते, त्यांनीच झोपवलं. ड्रॅग लिंकचं एक टोक टिचटिच करत होतं, तेही बदललं.

टो शेवटी. दोन्ही चाकं उचलून फिरवत टायरच्या मधोमध खडूचा पट्टा ओढला, त्यावर खिळा धरून बारीक रेघ काढली. गाडी खाली घेऊन थोडी ढकलली, मग रेघेपासून रेघेपर्यंतचं अंतर चाकांच्या पुढच्या अंगाला आणि मागच्या अंगाला मोजलं. पुढं तीन मिलिमीटर कमी ठेवलं. व्हीलबेस पुन्हा मोजला: उजवीकडे २३७५, डावीकडे २३७४.

त्यांचं एक म्हणणं मला नीट समजून घ्यायला वेळ लागला, म्हणून इथं लिहिते. पुढच्या चाकांचा टो चुकला म्हणून गाडी एका बाजूला ओढत नाही. चालताना दोन्ही चाकं चूक आपसांत वाटून घेतात. टायर झिजतात, गाडी भरकटते, पण ओढ नाही. ओढ येते ती दोन बाजूंत फरक असला की: एका बाजूचा कॅस्टर (चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागं झुकाव) कमी, कॅंबर वेगळा, ब्रेक धरलेला, हवा कमी, टायर निमुळता, किंवा ॲक्सल सरकलेला. आणि जिप्सीसारख्या सलग ॲक्सलच्या गाडीत कॅस्टर-कॅंबर फिरवायला स्क्रूच नसतात. तिथं अलाइनमेंट म्हणजे टाय रॉडची लांबी, बस्स. म्हणून ओढीच्या तक्रारीवर जो पहिल्यांदा टाय रॉडला पाना लावतो, त्यानं अजून दुखणं शोधलेलं नाही.

गाडी उंच करणाऱ्यांसाठीही त्यांच्याकडे स्पष्ट मत आहे. जिप्सीला पुढं लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला टांगणारी पट्टी) लावून उंची वाढवली की ॲक्सल गोल फिरतो आणि कॅस्टर कमी होतो. मग स्टिअरिंग मागं येत नाही, वेगात गाडी हलकी वाटते. उपाय म्हणजे ॲक्सल आणि पाट्याच्या मध्ये लोखंडी पाचर घालून तिरकेपणा परत आणायचा. माझ्यासमोर एक तरुण मुलगा उंच केलेली जिप्सी घेऊन आला होता, त्याला त्यांनी शॅकल काढ असं सांगितलं नाही, पाचर किती अंशाची लागेल ते मोजून सांगितलं.

आता उणिवा. वेळ ठरवून मिळत नाही. पहिल्या दिवशी मी साडेनऊला गेले, हात लागला बाराला. पाऊस कोसळत असेल तर शेडमध्ये पाणी येतं आणि ओट्यावरचं मोजमाप थांबतं, माझं दुसऱ्या दिवशीचं काम त्यामुळेच दुपारवर गेलं. चाकांचं बॅलन्सिंग त्यांच्याकडे होत नाही, ते बाहेर करून घ्यावं लागतं. लेखी काही देत नाहीत. सगळे आकडे त्यांनी खडूनं शेडच्या दारावर लिहिले होते, मी मागितल्यावर माझ्या औषधांच्या वहीत उतरवू दिले. त्यांनी हे स्वतःहून द्यायला हवं असं मला मनापासून वाटतं. पुढच्या वेळी काय बदललं हे कळायला दुसरा मार्ग नाही.

आणि प्रत्येक गाडी तिथं नेऊ नये. जुन्या थारला, म्हणजे २०१० च्या पिढीतल्या सीआरडीई इंजिनच्या गाड्यांना, पुढं टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळया) आहेत. ते आवळून उंची वाढवली की कॅंबर आणि टो दोन्ही हलतात, आणि ते नेमकं बसवायला यंत्रच लागतं. २०२० नंतरच्या थारमध्ये ईएसपी (घसरती गाडी सावरणारी यंत्रणा) असेल तर कामानंतर स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सरही स्कॅनरनं जुळवावा लागतो. हे मिस्त्रींनीच सांगितलं. अशा गाड्यांचं ते सांधे, बुश, ब्रेक बघून निदान करतात, काय करून घ्यायचं ते सांगतात आणि यंत्राकडे पाठवतात. यंत्राबद्दल त्यांच्या मनात अढी नाही. ते एवढंच म्हणतात की ढिल्या गाडीचं माप घेऊन उपयोग नाही.

एकूण खर्च तीन हजार दोनशे रुपये झाला: दोन सेंटर बोल्ट, चार यू बोल्ट, ड्रॅग लिंकचं एक टोक आणि मजुरी. पैसे मोबाइलवरून दिले.

तिसऱ्या दिवशी मी धामणी खोऱ्यात गेले. रात्री परतताना एका सरळ पट्ट्यावर हात अलगद सोडले. गाडी रस्त्याच्या उताराबरोबर हळूहळू, जेवढी जायला हवी तेवढीच डावीकडे गेली. वळणावरून बाहेर पडताना स्टिअरिंग तळहातातून सरकत आपण होऊन मागं आलं. किती दिवसांनी ते जाणवलं.

पाचशे किलोमीटर झाल्यावर परत या, असं त्यांनी बजावलं होतं. गेले. चारपैकी एका यू बोल्टनं पाव फेरा घेतला, बाकीचे जागेवर होते. त्याचे पैसे घेतले नाहीत.

जाणार असाल तर सकाळी नऊच्या आत पोचा, सोमवारी बंद असतं. गाडीतलं सामान उतरवून न्या, पण नेहमी जेवढं वजन घेऊन फिरता ते त्यांना सांगा. आधीच्या अलाइनमेंटचे कागद असतील तर सोबत ठेवा आणि जुने टायर टाकून देऊ नका. जाण्याआधी आठवडाभर वहीत लिहा की गाडी कधी ओढते, कधी नाही, ब्रेकवर काय होतं, रिवर्सनंतर काय होतं. पहिले प्रश्न तेच असतील.